आईची साडी आणि बाबाची मिशी

आई गेली त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून आमच्या म्हशीने दूध देणं बंद केलं.

म्हणजे पारडू लुचायला सोडलं की त्याच्यापुरता पान्हा सोडायची. पण माणसाचा हात सडाला लागला की कास आवळून घ्यायची, मान मागे वळवून बघायची आणि बादलीवर नेमकी लाथ घालायची. आमचं घर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. भाताची थोडी शेती, कुडाचं घर, मागे गोठा आणि गोठ्यात ही एक म्हैस. म्हैस आईची होती. आम्ही सगळे घरात राहतो याला तिची हरकत नव्हती, इतकंच.

आईला काविळीने नेलं. भात खळ्यावर आलं होतं, झोडणी चालू होती. ती म्हणाली, जरा पाठ टेकते. मग तलासरीचा दवाखाना झाला, मग डहाणूचा, मग तिथून पुढे गुजरातेत न्यायला सांगितलं. मी पाचवीत होते. धाकटा भाऊ बालवाडीत. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही, पण दारात चपला वाढत गेल्या तेव्हा मला कळलं.

त्यानंतर पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती ही, की आता मला कुणीच रागावत नाही. शाळेत बाईंनी गृहपाठ मागितला की मी मान खाली घालायची. बाई लगेच म्हणायच्या, "असू दे, असू दे, बस." बाई डहाणू रोडहून यायच्या, त्यांच्या डब्यात थेपले असायचे. मान थोडी जास्त खाली घातली तर थेपलाही मिळायचा. रडू मात्र मला येत नव्हतं. बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच रडायच्या आणि मी त्यांच्या बांगड्या बघत बसायची.

धाकट्याने माझं बघून हे उचललं, पण त्याला ते नीट जमलं नाही. तो वाटेवरच्या दुकानात गेला आणि दुकानदाराला म्हणाला, "आमची आई मेली. चॉकलेट दे." दुकानदाराने बिचाऱ्याने दिलं. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा तिथे.

"अरे, कालच सांगितलंस ना, आई मेली म्हणून?" दुकानदार म्हणाला.

"आज पण मेलीच आहे," धाकटा म्हणाला.

दुकानदाराने बरणीच पुढे केली, असं मला नंतर कळलं. कारण संध्याकाळी धाकट्याचं पोट दुखत होतं.

घर चालवायला समुद्रकाठच्या झाई गावातून आत्या आली होती. बाबाची थोरली बहीण. अंगाने चांगली भरलेली, आवाज असा की अंगणातून हाक मारली तर पाड्याच्या टोकाचा कुत्रा उठून बसायचा. तिने आल्या आल्या घर ताब्यात घेतलं. माझे केस इतके घट्ट विंचरायची की दिवसभर माझे डोळे मोठे दिसायचे. आणि म्हैस दूध देत नाही ही गोष्ट तिने स्वतःच्या अपमानासारखी घेतली.

आधी तिने म्हशीला गूळ घालून पेंड चारली. म्हशीने खाल्ली आणि लाथ मारली. मग आत्याने ठरवलं की म्हशीला नजर लागलीय. तिने मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. धूर गोठ्यात शिरला, पारडू शिंकलं, धाकटा खोकून खोकून लाल झाला, आत्याच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. म्हैस रवंथ करत होती.

शेवटी शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, "तिला तिची बाई पाहिजे. अंगावर तिचं लुगडं घालून बसा कुणीतरी. जनावर वासावर चालतं."

आत्याने पेटीतून आईची कामाची निळी साडी काढली. आई शेतावर आणि गोठ्यात साडीवरून बाबाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालायची, तोही काढला. आई काटकुळी होती. शर्टाचं एकही बटण आत्याला लागलं नाही. ती तशीच बादली घेऊन म्हशीजवळ बसली. म्हशीने नाक पुढे करून शर्ट हुंगला. मला वाटलं, जमलं! पण आत्याने सकाळीच सुके बोंबील भाजले होते. म्हशीने एक मोठा सुस्कारा टाकला आणि बादली भिंतीपर्यंत गेली.

"मरू दे," आत्या कंबर धरून उठत म्हणाली. "विकून टाक रे ही अवदसा."

बाबा ओट्यावर बसला होता. तो त्या दिवसांत बोलतच नव्हता. सीमेपलीकडे गुजरातेतल्या कंपनीत पाळीला जायचा, परत यायचा, जेवायचा. विचारलं तर "हं", फार तर "बरं". आधीही तो बोलका नव्हता, पण आधी त्याच्या वाटचं आई बोलायची.

मग एक सकाळ आली. थंडी होती, उजाडत होतं. मी लघवीला म्हणून उठले आणि मागच्या दारात थबकले. गोठ्यात आई बसली होती.

पाठमोरी. तीच निळी साडी, वरून तोच शर्ट, डोक्यावरून पदर. म्हशीच्या पोटाला टेकलेलं डोकं. मी हाक मारणार, एवढ्यात आईने तोंड वळवलं. आईला मिशी होती.

बाबाने मला बघितलं. मी बाबाला बघितलं. त्याने पदर आणखी पुढे ओढला, म्हणजे मला तो दिसणार नाही अशा हिशोबाने. साडीखालून त्याचे केसाळ पाय आणि कंपनीचे काळे बूट दिसत होते.

मी तोंडावर हात दाबला. पण हसू नाकातून आलं. फुर्रकन आवाज झाला. तेवढ्यात धाकटा डोळे चोळत माझ्यामागे आला. त्याने गोठ्यात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि गंभीरपणे विचारलं,

"बाबा, तू आई झालास?"

"गप," बाबा दबक्या आवाजात म्हणाला. "म्हशीला कळेल."

यावर मी तिथेच खाली बसले आणि हसले. किती दिवसांनी हसत होते कुणास ठाऊक, पोट दुखायला लागलं. बाबाची मिशीही थरथरली. पण तो उठला नाही. म्हैस त्याचा खांदा हुंगत होती, शर्टाची बाही चाटत होती. लाथ तिने मारली नव्हती. तेवढं नवीन होतं. पण दूधही येत नव्हतं.

"आई गप्प नव्हती बसत," धाकटा म्हणाला. "बोलायची."

"काय बोलायची?" बाबाने विचारलं.

बाबाला ते ठाऊक नव्हतं. दूध काढायच्या वेळी तो एकतर पाळीवर असायचा नाहीतर पाळीवरून येऊन झोपलेला. मला मात्र सगळं पाठ होतं. आई धार काढायची तेव्हा मी म्हशीच्या पुढ्यात उभी राहून तिची मान खाजवायची. आणि आई पूर्ण वेळ म्हशीला गाऱ्हाणी सांगायची. पहिल्या धारेपासून शेवटच्या धारेपर्यंत, एका दमात.

मी जाऊन म्हशीच्या पुढ्यात उभी राहिले. तिच्या शिंगांच्या मधोमध खाजवलं. आणि आईच्या आवाजात सुरू केलं. नकला मला आधीपासून यायच्या, बाईंची तर मी अशी करायची की वर्ग उठून उभा राहायचा.

"सांगू कुणाला गं बाय! हा माणूस. पावसाच्या आधीपासून सांगते, न्हाणीचा दगड डुगडुगतोय, नीट बसव. बसवला? मी पडेन तेव्हा बसवील. कंपनीत एवढ्या मशिनी चालवतो म्हणे, घरातला एक दगड हलत नाही याच्याने. आणि घोरतो कसा! तू गोठ्यात आहेस म्हणून सुखी आहेस बाय. जिलेबी आणतो कधीतरी, ती पण गार. गार जिलेबी कोण खातं? मी खाते! बोलते का काही? नाही बोलत..."

म्हशीचे दोन्ही कान माझ्याकडे वळले. तिने डोळे अर्धे मिटले. आणि मग बादलीत आवाज आला. चुर्र. मग पुन्हा. चुर्र, चुर्र.

मी थांबले.

"थांबू नको," पदराआडून बाबा म्हणाला. "बोल. अजून काय म्हणायची?"

त्या दिवशी तो पाळीवरून आला आणि कपडेही न बदलता न्हाणीचा दगड काढून नवीन सिमेंटात बसवला. आत्या कमरेवर हात ठेवून बघत होती. "याला आता काय झालं?" तिने मला विचारलं. मी खांदे उडवले.

मग हे रोजचंच झालं. बाबाची पाळी त्याने दुसऱ्या एकाशी बदलून घेतली, म्हणजे सकाळची धार चुकणार नाही. तो साडी नेसायचा. नेसणं कसलं, गुंडाळायचा. मी पुढ्यात उभी राहून आई व्हायची. धाकटा पारडाचं दावं धरायचा. आत्या चुलीपाशी बसून "काय ही थेरं!" म्हणायची, पण चहात नवीन दूध घालून दोन कप प्यायची.

आणि बाबा ऐकायचा. ओट्यावर चपला अस्ताव्यस्त टाकतो हे ऐकलं, त्या दिवसापासून चपला भिंतीला लागून. तंबाखूची पुडी खिशात तशीच धुण्यात टाकतो हे ऐकलं, खिसे उलटे करायला लागला. "लग्न झाल्यापासून सायवनला माहेरी न्यायचं म्हणजे याच्या जिवावर येतं, गाडी नाही म्हणतो, रस्ता नाही म्हणतो," हे ऐकलं, तेव्हा पुढच्याच सुट्टीला आम्हा दोघांना घेऊन सायवनला गेला. आईची आई दारात बसली होती. बाबा तिच्या पायाशी जाऊन बसला. आजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही दोघांनी तिथल्या बोरी झोडपल्या आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

पण आईची गाऱ्हाणी म्हणजे काही विहीर नव्हती. हळूहळू माझ्याकडचा माल संपायला लागला. तीच तीच गाऱ्हाणी ऐकून म्हैस कंटाळत नव्हती, पण मी कंटाळले. मग मी थोडं घरचं घालायला लागले.

"आणि पोरांना समुद्र दाखव म्हणून किती सांगितलं गं बाय, बहीण झाईला राहते तरी कधी नेलं नाही."

पुढच्या रविवारी आम्ही झाईला. आत्याच्या घरामागच्या वाडीत चिकू खाल्ले, वाळूत लोळलो, धाकटा खारं पाणी प्यायला आणि त्याने उलटी केली. सगळं छान झालं.

मग आई म्हणायला लागली की पोरीला सारखं नाचणीची भाकरी देऊ नये, तिला पाव आवडतो. आई म्हणायला लागली की पाढे पाठ करून पोरीचं डोकं दुखतं. धाकटा दावं धरून खालच्या आवाजात सांगायचा, "रिमोटची गाडी म्हण ना. रिमोटची गाडी."

"आणि पोराला एक रिमोटची गाडी घेऊन द्यायला काय होतं या माणसाला?" मी म्हटलं.

बादलीतला आवाज थांबला. "तुझी आई मला म्हणायची, खेळणी आणू नको, मोडून टाकतात," बाबा म्हणाला.

"तुला तसं म्हणायची," मी म्हटलं. "म्हशीला वेगळं म्हणायची."

बाबाने पुन्हा धार सुरू केली. रिमोटची गाडी काही आली नाही, पण तलासरीच्या नाक्यावरून किल्लीची एक मोटार आली. आणि धाकट्याने ती त्याच दिवशी मोडली.

आत्याला आता झाईला परत जायचं होतं. तिचंही घर होतं. पण भावाला आणि आम्हाला असं सोडून जाणं तिला पटत नव्हतं, म्हणून तिने एक बेत केला. डहाणू रोडला आमचे एक चुलत काका होते, त्यांच्या ओळखीत एक बाई होती, नवरा वारलेली, मूल नव्हतं. काका आणि त्या बाईचा भाऊ असे दोघे रविवारी सकाळी घर बघायला येणार, असं आत्याने फोनवर ठरवलं.

"बाईमाणसाशिवाय घर कसं चालायचं?" ती बाबाला म्हणाली.

"बघू," बाबा म्हणाला. ते 'बघू' मला मुळीच आवडलं नाही. त्यात 'नाही' कुठेच नव्हतं.

रविवारी आत्याने पहाटेपासून शेणाने सारवलं, आम्हाला आंघोळ घातली. "आज धार लवकर आटपा," तिने बजावलं. "पाहुणे यायच्या आत ते लुगडं पेटीत गेलं पाहिजे. कळलं का गं?"

"कळलं," मी म्हटलं.

मग माझं पोट दुखायला लागलं. मग चप्पल सापडेना. मग पारडाचं दावं आपोआप सुटलं आणि पारडू आजोबांच्या वालाच्या वेलात शिरलं. धाकट्याने त्याला पकडायला इतका वेळ लावला की मला त्याचा अभिमान वाटला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. बाबा साडी गुंडाळून म्हशीखाली बसला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. आत्या पाणी भरायला पंपावर गेली होती.

मी सुरू केलं. त्या दिवशी मी आईची सगळी जुनी गाऱ्हाणीसुद्धा काढली, अगदी लग्नात बाबाच्या मामाने तिच्या आईला पाणी विचारलं नाही तिथपासून. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. मी आवाज वाढवला.

"आणि ऐकलंस का गं बाय? दुसरी आणणार म्हणे हा माणूस! आणू दे. आणू दे! न्हाणीचा दगड तिच्यासाठीच बसवला वाटतं. मी एवढी बोलले तेव्हा नाही बसवला, मेल्यावर बसवला. तिला गरम जिलेबी आणील, माझ्या पोरांना..."

बादलीतला आवाज थांबला होता. म्हैससुद्धा चघळायची थांबली.

"पाहुणे," धाकटा म्हणाला.

गोठ्याच्या तोंडाशी दोन माणसं उभी होती. काका आणि पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ. पुढच्या दारी कुणी नाही म्हणून ते आवाजाच्या रोखाने मागे आले होते. बाबा उठला. साडी सोडून ठेवायचं त्याला बहुधा सुचलंच नाही. त्याने डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला,

"या, या. बसा. ताज्या दुधाचा चहा होतो आत्ता."

"नको, नको," पांढरा शर्ट म्हणाला. तो एक पाऊल मागे सरकला होता. "आम्ही आत्ताच घेतला."

"आत्ताच घेतला," काका म्हणाले. काका, ज्यांनी आयुष्यात कुणाच्या घरचा चहा नाकारला नव्हता.

ते गेले. वाटेत त्यांना डोक्यावर हंडा घेतलेली आत्या भेटली असणार, कारण तिचा आवाज आम्हाला गोठ्यात ऐकू आला. "अहो थांबा, अहो तसं नाही ते! अहो म्हैस आहे तशी!"

बाबा बादलीशेजारी खाली बसला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, आता मार बसणार. पण तो हसत होता. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसू थांबलं आणि पाणी थांबलं नाही. त्याने मला जवळ ओढलं.

"ते शेवटचं," तो म्हणाला. "दुसरीचं. ते आई म्हणाली होती?"

"नाही."

"मग कोण म्हणालं?"

मला आईच्या आवाजात उत्तर द्यायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि आईचा आवाज आलाच नाही. नुसतं माझं स्वतःचं, बारीक काहीतरी बाहेर आलं. "मी," मी म्हटलं. आणि मग मला रडू आलं. आई गेल्यानंतरचं पहिलं. बाबाने अंगावरच्या पदरानेच माझं तोंड पुसलं, नाक पुसलं. त्या पदराला शेणाचा, पेंडीचा आणि थोडा बोंबलाचा वास येत होता. आईचा येत होता का, ते मला सांगता येणार नाही. मी शोधत होते एवढं खरं.

धाकट्याने आमच्याकडे पाहिलं, दावं सोडून दिलं आणि आमच्यात घुसला.

आत्या हंडा घेऊन गोठ्याच्या तोंडाशी आली. ओरडायला तिने तोंड उघडलं होतं. आम्हा तिघांना बघून मिटलं. मग म्हणाली, "रडा. पण आधी ती बादली उचला, कुत्रं तोंड घालतंय."

ते स्थळ अर्थातच परत आलं नाही. बातमी मात्र आमच्याआधी सगळीकडे पोचली. तलासरीच्या नाक्यावरचा चहावाला, ज्याला आम्ही उरलेलं दूध घालायचो, तो बाबाला बघून गुजरातीत विचारायला लागला, "केम छो, भाभी?" पहिल्यांदा बाबाचे कान लाल झाले. मग तोही "मजामां" म्हणून दुधाचा कॅन पुढे करायला लागला. पुढे आणखी एकदोघांनी स्थळं सुचवली. त्यांना बाबाने स्वतःच सांगितलं, की आत्ता नको. 'बघू' म्हणाला नाही.

पण त्या रविवारनंतरचा सोमवार मला सगळ्यांत जास्त आठवतो. बाबा साडी गुंडाळून बसला. मी म्हशीच्या पुढ्यात उभी राहिले आणि गप्प झाले. आईचं सगळं बोलून झालं होतं, आणि खोटं आता बोलवत नव्हतं.

"काय बोलू?" मी विचारलं.

"तुझं बोल," बाबा म्हणाला. "तुला काही गाऱ्हाणं नाही?"

गाऱ्हाणी! मी म्हशीच्या कानाशी तोंड नेलं. आत्या वेणी घट्ट घालते इथून सुरुवात केली. मग वर्गातली मुलं मला सगळ्यांत शेवटी खेळायला घेतात पण हळू पळतात, मी जिंकावं म्हणून, आणि त्याचा मला राग येतो. मग धाकटा झोपेत माझा दंड पकडून ठेवतो आणि सकाळी दंडाला मुंग्या येतात. मग बाबा जेवताना आईच्या पाटाकडे बघतो आणि मला कुठे बघावं ते कळत नाही.

म्हशीने बराच वेळ घेतला. हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. तिने माझा कान हुंगला, खांदा हुंगला, खरखरीत जिभेने माझी नुकती घातलेली वेणी चाटून काढली. मग कधीतरी बादलीत पहिली धार पडली, बारीक, तुटक.

"आता मी," धाकटा म्हणाला. "मला पण सांगायचंय."

"सांग," बाबा म्हणाला, "पण लवकर. माझी कंपनीची गाडी जाईल."

धाकट्याने दावं माझ्या हातात दिलं, म्हशीच्या पुढ्यात उभा राहिला, आणि आपल्याला बालवाडीत रोज उपमाच देतात इथपासून सुरुवात केली. बाबाची गाडी गेली.